टाकीखालचा जॅक

माझे औपचारिक शिक्षण सातव्या इयत्तेच्या दाराशी येऊन थांबले, आणि त्यापुढे जे काही शिकलो ते फाटके बनवता बनवता शिकलो. फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि दुकानांचे सरकते दरवाजे हा माझा सव्वीस वर्षांचा व्यवसाय आहे. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे, की माझ्या फजितीची जी हकीगत पुढे येणार आहे, तिचे मूळ माझ्या अज्ञानात नसून माझ्या कौशल्यात आहे. अज्ञानापोटी झालेली फजिती मनुष्य चार दिवसांत विसरतो. कौशल्यापोटी झालेली विसरता येत नाही, कारण ती भक्कम बनलेली असते.

आमच्या धंद्याचा पहिला धडा चोरापासून सुरू होतो. जाळी कितीही सुबक असो, ती चार बोल्टांवर टांगलेली असते आणि चोराजवळ पाना असतो. म्हणून बोल्ट आवळून झाला, की त्याचे षट्कोनी डोके ग्राइंडरने घासून गोल गुळगुळीत करायचे आणि आतल्या बाजूने नटाला वेल्डिंगचा एक टिपका द्यायचा. मग पाना नुसता घसरत राहतो. माझ्या हातची जाळी सव्वीस वर्षांत कोणाला उचकटता आलेली नाही. एकदा एका घरमालकालाच रंगकामासाठी ती काढायची होती; त्याला शेवटी भिंत फोडावी लागली. हा प्रसंग मी कित्येक वर्षे अभिमानाने सांगत असे.

आता माझ्या मुलीविषयी. ती नऊ वर्षांची असताना शाळेतला नकाशा घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आली होती. नकाशात आमचे शहर एका टिंबाएवढे होते आणि त्याच्या पलीकडे नुसता पिवळा रंग पसरलेला होता. त्या पिवळ्यावर बोट ठेवून तिने विचारले, "बाबा, इथे काहीच का लिहिलेलं नाही?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. परंतु 'ठाऊक नाही' असे म्हणण्याचे धैर्य बहुधा सातवीच्या पुढे शिकवीत असावेत. मी म्हणालो, "कारण तिथे अजून आपण गेलेलो नाही."

"मग कधी जायचं?"

"आपली स्वतःची गाडी झाली की."

मुलांपुढे केलेली अशी विधाने हवेत विरून जातात अशी माझी समजूत होती. ही मुलगी मात्र परीक्षेमागून परीक्षा उत्तीर्ण होत गेली, हवामान खात्यात दाखल झाली, आणि दोन वर्षांपूर्वी तिची नेमणूक त्याच पिवळ्या रंगाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या एका केंद्रावर झाली. ती तिथे शिधा पोचवणाऱ्या ट्रकमधून, पिठाच्या पोत्यांवर बसून गेली. माझी गाडी त्या वेळी चारही चाके काढून विटांवर उभी होती.

गाडी चांगली होती, याबद्दल मला आजही शंका नाही. एका खाणीतून निवृत्त झालेली, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचणारी, मान खाली घालून काम करणारी गाडी. तिला वाळवंटासाठी सिद्ध करणे एवढेच माझ्याकडे होते. मी पुस्तिका वाचल्या, चित्रे पाहिली, जिथे शब्द कळला नाही तिथे चित्रावरून अर्थ लावला, आणि तीन वर्षे तिला सिद्ध करीत राहिलो. प्रथम टपावर कॅरिअर केला. कॅरिअरवर सामानाची पेटी केली. पेटीवर झोपण्याचा तंबू उघडेल अशी चौकट केली. चौकटीच्या पुढे आठ दिव्यांची पट्टी बसवली. चढायला शिडी, पुढून धडक बसू नये म्हणून नळ्यांचा कठडा, मागे दीडशे लिटर पाण्याची टाकी. प्रत्येक वस्तू बोल्टने, आणि प्रत्येक बोल्टचे डोके गोल गुळगुळीत.

मुलगी दर रविवारी संध्याकाळी फोन करी. मी निघण्याची तारीख सांगितली, की ती एकच प्रश्न विचारी.

"बाबा, गाडीची उंची किती आहे?"

कारण असे, की केंद्राच्या आवारात झाड नाही, भिंतीची सावली दुपारी तीन वाजेपर्यंत बाहेर येत नाही, आणि उन्हात उभी राहिलेली गाडी आतून रबर जळाल्यासारखी होते. म्हणून तिने आमच्या गाडीसाठी चार खांब रोवून वर ताडपत्री ताणण्याची योजना केली होती. ताडपत्री तिच्या आईने शिवून शिध्याच्या ट्रकबरोबर धाडली होती. पहिल्या तारखेला मी उंची सांगितली सात फूट. त्या तारखेला मी निघालो नाही, कारण पेटी व्हायची होती. दुसऱ्या खेपेला सांगितली सात फूट नऊ इंच. तिसऱ्या खेपेला तंबूसह आठ फूट चार. चौथ्या खेपेला दिव्यांसह आठ फूट नऊ. प्रत्येक वेळी मी थांबलो आणि प्रत्येक वेळी तिने खांब वाढवले. पुढे ती नुसती म्हणे, "बरं. सांगा, किती वाढली."

पाचव्या खेपेला तिने उंची विचारली नाही. त्या महिन्याच्या दहा तारखेला, रविवार नसताना, तिचा फोन आला.

"बाबा, तीस तारखेला केंद्राला कुलूप लागणार. पुढे सगळी मोजणी यंत्रंच करणार आहेत. मला समुद्रापलीकडच्या कचेरीत पाठवताहेत."

"म्हणजे तू तिथून..."

"एकतीसला शिध्याच्या ट्रकने निघतेय. तुम्ही तारीख सांगू नका आता. यायचं तर या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी वाद घालू शकलो असतो. सहा दिवसांचा रस्ता आणि वीस दिवसांची मुदत. मी रिसीव्हर ठेवला आणि घरात जाहीर केले की बारा तारखेला चाचणी घेऊन आठवडाभरात प्रस्थान करण्यात येईल.

"प्रस्थान," माझी पत्नी म्हणाली. ती शिलाई यंत्रावर बसली होती. "आधी गाडी दारातून बाहेर काढा. तिसऱ्या मजल्याला लागेल ती."

माझी पत्नी ताडपत्र्या शिवते. ट्रकची आच्छादने, तंबू, सामान बांधायचे जाड पट्टे. तिच्या कामाचा नियम माझ्या नियमाच्या नेमका उलट आहे. तिच्या पट्ट्याची गाठ अशी असते, की एक टोक ओढले की सगळे सुटते. "पावसात ट्रकवाल्याची बोटं गारठलेली असतात," ती म्हणते, "त्याला ओढलं की सुटलं पाहिजे." आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, आणि एकाच छपराखाली एक जण न सुटणाऱ्या वस्तू बनवतो व दुसरी सुटणाऱ्या, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

चाचणीला आम्ही तिघे निघालो. तिसरे म्हणजे शेजारचे ट्रकवाले काका. त्यांनी एकतीस वेळा ते वाळवंट मालाच्या ट्रकने पार केले आहे आणि आता निवृत्त होऊन माझ्या वर्कशॉपसमोर खुर्ची टाकून बसतात. मी जरा जोडून-मांडून बोलतो म्हणून ते मला 'प्रोफेसर' म्हणतात. गाडीत चढण्यापूर्वी त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकांपाशी खाली वाकून स्प्रिंगांकडे पाहिले.

"प्रोफेसर, हे पाटे बघितलेत का? धनुष्यासारखे हवेत. पट्टीसारखे सरळ झालेत."

"काका, ते भाराखाली सरळ होतात. पुस्तिकेत तसे चित्र आहे."

"चित्रातली गाडी चालत नाही ना पण. एवढं लोखंड कशाला भरलंय? तिकडे कुणाला फाटक बसवायला चाललात काय?"

पत्नी हसली. मी इंजिन सुरू केले.

शहराबाहेर एका आटलेल्या तळ्याचे मैदान आहे. भेगाळलेली माती, मधूनमधून वाळू, दूरवर कोणी नाही. सकाळचे अकरा वाजले होते. गाडी राजेशाही संथपणे चालली होती, आणि मी पत्नीला नुकतेच सांगत होतो की अशा वाहनाचा खरा कस भूमीच्या असमतेवर लागतो, तोच एका खड्ड्यात मागचा भाग बसला आणि बंदुकीसारखा आवाज झाला.

मागचा डावा टायर फुटला होता. फुटला म्हणण्यापेक्षा चिरला होता. काकांनी चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला आणि एक चकचकीत वस्तू बोटांनी चाचपली.

"हे काय आहे?"

तो पाण्याच्या टाकीच्या आधाराचा बोल्ट होता. त्याचे दीड इंच टोक माझ्या हातून कापायचे राहिले होते. पाटे सरळ झाले, गाडी खाली बसली, आणि माझ्याच बोल्टने माझाच टायर कापला. बाहेरचा काटा नाही, दगड नाही.

"असो," मी म्हणालो. "पंक्चर हे प्रवासाचे एक स्वाभाविक अंग आहे. जॅक लावू, चाक बदलू."

"काढा जॅक," पत्नी म्हणाली.

मी मागचे दार उघडले आणि तसाच उभा राहिलो. मनुष्याला आपल्या चुकीचे दर्शन एकदम होत नाही. प्रथम एक कोपरा दिसतो, मग दुसरा. जॅक मी फार विचारपूर्वक ठेवला होता. जड वस्तू तळाशी असावी असे पुस्तिकेत होते. म्हणून जॅक गाडीच्या तळाला पट्टीने जखडला होता. त्या पट्टीवर पाण्याची टाकी होती. टाकीत दीडशे लिटर पाणी होते. आणि टाकी सहा बोल्टांनी बसवलेली होती, ज्यांची डोकी गोल गुळगुळीत होती.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"जॅक आहे."

"मग?"

"टाकीखाली आहे."

तिने आत डोकावून पाहिले. मग मागे वळून काकांकडे पाहिले. "काका, यांनी जॅक चोरीला जाऊ नये म्हणून टाकीखाली पुरलाय."

"कोण चोरणार?" काकांनी मैदानाकडे हात फिरवला. "एकतीस खेपांत मला तिकडे चोर भेटला नाही. चोराला तिकडे पाणी कोण देणार?"

मी सुचवले की आधी टाकी रिकामी करावी. तोटी अर्ध्या इंचाची होती. पाणी बारीक धारेने मातीत जिरत होते आणि काका गाडीच्या सावलीत बसून ते पाहत होते. पाऊण तासाने टाकी रिकामी झाली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की रिकामी टाकीसुद्धा बोल्टांवरच बसलेली आहे. मी पाना लावला. पाना घसरला. दुसरा लावला, तोही घसरला. माझे काम खरोखर उत्तम झाले होते. जगात एवढ्या निष्ठेने कोणी मला अडवले नव्हते, जेवढ्या निष्ठेने त्या क्षणी मी स्वतःला अडवले होते.

"दमलात ना, बसा," काका म्हणाले. "ट्रकला जॅक नसेल तर काय करतात ठाऊक आहे? धुऱ्याखाली दगड रचायचे आणि चाकाखालची माती काढायची. चाक आपोआप लोंबतं. फावडं द्या."

फावडे होते. गाडीच्या बाजूला, बाहेरून, दोन लोखंडी कड्यांत आवळून बसवलेले होते. कडी चार बोल्टांवर होती.

काकांनी त्या बोल्टांवरून अंगठा फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "सूनबाई," ते म्हणाले, "स्वयंपाकाच्या पेटीत काय काय आहे?"

शेवटी माझ्या पत्नीने कढईने आणि मी जेवणाच्या ताटाने चाकाखालची माती उकरली. काका दगड रचत होते. चाकाचे नट मात्र सुटले. ते मी वेल्ड केले नव्हते. तसा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला होता, हे इथे प्रामाणिकपणे कबूल करतो. जादा चाक टपावर होते आणि तेही सुटले, कारण ते बसवायच्या दिवशी माझ्याजवळचे बोल्ट संपले होते आणि पत्नीने तिच्या एका पट्ट्याने ते बांधून टाकले होते. तिने शिडीवर चढून टोक ओढले. चाक सुटून खाली आले ते माझ्या पायापासून वीतभर अंतरावर.

"ओढलं," ती वरून म्हणाली, "सुटलं."

घरी आल्यावर मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली आणि ऐरणीवर बसली.

"तर आता काय?"

"टाकीची रचना बदलावी लागेल," मी म्हणालो. "मागे एक सरकता कप्पा करतो. त्याला दोन रूळ. पंधरा-वीस दिवसांत..."

"अहो."

मी थांबलो.

"पंधरा-वीस दिवसांत ती तिथे नसेल. मग तुमचा सरकता कप्पा घेऊन कुठे जाणार? समुद्रावर?"

"अगं, पण अपुऱ्या तयारीनिशी वाळवंटात..."

"वाळवंटाला तुम्ही घाबरत नाही. मला ठाऊक आहे तुम्ही कशाला घाबरता. तिथे गेल्यावर तिच्या साहेबासमोर काय बोलायचं, कसं बसायचं, याला घाबरता. ते कागद सापडलेत मला."

ते कागद म्हणजे एक भाषण होते. केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्यांना प्रथम भेटीत उद्देशून करावयाचे. 'आपल्यासारख्या विद्वज्जनांच्या सान्निध्यात माझ्या कन्येला ज्ञानसेवेची संधी लाभली' असा त्याचा आरंभ होता आणि ते चार पाने होते. ते मी गाडीच्या पुस्तिकेत दडवले होते. गेली तीन वर्षे गाडीत जी जी भर पडली, तिच्याबरोबर भाषणातही एकेक परिच्छेद वाढत गेला होता. पुस्तिका माझ्या पत्नीने कधी उघडली, हे मला आजतागायत समजलेले नाही.

"लेकीला बाप हवाय," ती म्हणाली. "फाटक नको."

कपातला चहा संपवला, चष्मा लावला आणि ग्राइंडरची तार सॉकेटमध्ये लावली.

माझ्या बोल्टांना पाना चालत नाही, म्हणून ते कापावे लागतात. पुढचे आठ दिवस मी माझीच तीन वर्षे कापत होतो. दिव्यांची पट्टी गेली. तंबूची चौकट गेली. पेटी कापताना तिची एक कड इतकी सरळ निघाली, की मी क्षणभर ग्राइंडर बंद करून तिच्याकडे पाहत राहिलो. समोर खुर्चीत काका बसलेले असत आणि प्रत्येक तुकडा जमिनीवर पडला, की ते मोठ्याने म्हणत, "अजून एक किलो हवा भरली गाडीत!" नळ्यांचा कठडा काढताना मी जरा रेंगाळलो.

"काका, हा राहू दे का? समोरून काही आलं तर?"

"समोरून? तिकडे समोरून येईल ते दोन तास आधी दिसतं, प्रोफेसर. बाजूला व्हायला वेळ मिळतो."

तो गेला. शिडी गेली. टपावरचा कॅरिअरही गेला. ज्या दिवशी पाटे पुन्हा धनुष्यासारखे वाकले, त्या दिवशी काकांनी खुर्चीतून उठून गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर हात दाबला, गाडी डुलली, आणि ते पुन्हा बसले. त्यांच्याकडून एवढी प्रशंसा मला त्याआधी मिळाली नव्हती.

आतल्या खोलीत शिलाई यंत्र चालू होते. पाण्याचे दीडशे लिटर आता एका टाकीत नव्हते. आठ डब्यांत होते, म्हणजे एक फुटला तर सात उरतील. प्रत्येक डब्याला तिचा पट्टा. फावड्याला पट्टा. जॅकला पट्टा, आणि जॅक मागच्या दाराच्या अगदी आतल्या बाजूला, हाताच्या अंतरावर. शिवून झाल्यावर ती मला गाडीमागे उभे करून एकेका वस्तूचे नाव घेई आणि मी ओढी. पहिल्या दिवशी मी गाठीचे चुकीचे टोक ओढले आणि ती आणखी घट्ट झाली.

"कसं जमतं हो तुम्हाला," ती म्हणाली. "सुटायची गाठसुद्धा तुम्ही आवळून दाखवलीत."

वीस तारखेला मुलीचा फोन आला. खरे तर तिने आईला काही विचारण्यासाठी केला होता. तो मी घेतला.

"बाबा, आईला सांगा, तिच्या ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्याने फाटलाय, तर दोरा कुठला..."

"ती शिवेल. आम्ही येतो आहोत."

तिला तारीख ऐकायची नव्हती, आणि मीही सांगितली नाही. मग जुन्या सवयीने, मला वाटते नकळतच, तिने विचारले, "उंची किती झाली?"

"सहा फूट दोन इंच."

"सहा?" ती थांबली. "म्हणजे मूळची?"

"मूळची."

मला तिचा श्वास ऐकू आला. "मग खरंच येताय तुम्ही," ती म्हणाली.

एकवीस तारखेला सकाळी सात वाजता आम्ही दोघे निघालो. काका खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त दोन बोटे वर केली आणि ओरडले, "प्रोफेसर, वाळू आली की टायरमधली निम्मी हवा सोडा! डोक्यातली सगळी!"

प्रवासाचे वर्णन मी आटोपशीर ठेवतो, कारण ज्याची मी तीन वर्षे कल्पना केली होती त्यातले फारच थोडे तिथे घडले. पहिल्या वाळूत शिरून पन्नास पावले झाली नाहीत तोच गाडी रुतली. मी पुस्तिका उघडली. पत्नी खाली उतरली आणि चारही टायरच्या तोट्या दाबून हवा सोडू लागली. अर्धी हवा गेल्यावर टायर पोटावर बसल्यासारखे रुंद झाले आणि गाडी एखाद्या गोगलगायीसारखी वाळूवरून सरकत बाहेर आली. पुस्तिकेत ते एकोणिसाव्या पानावर होते. मी तेव्हा सतराव्यावर होतो. पुढे आम्ही आळीपाळीने चालवू लागलो. टेकडीवर चढताना ती गिअर बदलत नसे आणि मी बदलत असे. म्हणून ती वर पोचत असे आणि मी परत खाली येत असे. दुसऱ्या दिवसापासून टेकड्या तिच्याकडे आणि सपाटी माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

तिसऱ्या दिवशी डिझेल भरायची वेळ आली आणि असे लक्षात आले, की हलके करण्याच्या उत्साहात मी नरसाळेही काढून टाकले होते. डबा मोठा, टाकीचे तोंड अरुंद. प्रत्येक थेंब मोलाचा, आणि वारा तर सारखा होता. आम्ही दोघांनी सगळी गाडी धुंडाळली. शेवटी पत्नी पुस्तिकेतून चार कागद काढून माझ्यासमोर उभी राहिली.

"ते अधिकाऱ्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"जाड कागद आहे," ती म्हणाली.

चारही पाने एकात एक घालून मी त्यांची सुरळी केली. 'विद्वज्जनांच्या सान्निध्यात' हे शब्द बाहेरच्या बाजूला आले. त्यातून वीस लिटर डिझेल एक थेंब न सांडता उतरले, आणि पुढचे तीन दिवस आम्ही तेच नरसाळे वापरले. माझ्या लेखनाचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

सत्तावीस तारखेला दुपारी एकच्या सुमाराला आम्हांला क्षितिजावर चार काड्या दिसल्या. जवळ गेल्यावर ते खांब निघाले. नऊ फूट उंच, वर ताणलेली माझ्या पत्नीच्या हातची ताडपत्री, एक कोपरा फडफडत असलेला. त्याच्या मागे बुटकी पांढरी इमारत, आणि इमारतीसमोर खात्याची एक गाडी एका बाजूला कललेली. मुलगी धावत आली नाही. ती दारात उभी राहिली, तिने कपाळावर हात धरला आणि आम्ही खांबांच्या मध्ये गाडी उभी करेपर्यंत ती तशीच पाहत राहिली. मग मात्र ती आली, आधी आईकडे गेली, आणि आईच्या खांद्यावरून माझा हात तिने घट्ट धरला.

तिच्यामागून एक गृहस्थ आले. पायात चपला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ग्रीसने काळे. हेच मुख्य अधिकारी. माझ्या घशात भाषणाचे पहिले वाक्य येऊन उभे राहिले, आणि त्याला डिझेलचा वास आला.

"नमस्कार," ते म्हणाले. "बरं झालं आलात. तुमच्याकडे जॅक आहे का हो? आमचा कालपासून अडकलाय, वर जात नाही की खाली येत नाही."

मी गाडीच्या मागे गेलो, दार उघडले आणि पट्ट्याचे टोक ओढले. या वेळी बरोबर टोक ओढले. जॅक माझ्या हातात आला. पत्नी ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहत होती, पण तिच्या ओठांचे कोपरे मला दिसत होते.

चाक बदलताना ते अधिकारी आणि मी खूप बोललो. सगळे नटांविषयी. त्यांना टॉर्क म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते आणि नट सैल झालाय की नाही हे हातोडीच्या आवाजावरून कसे ओळखायचे ते मला त्यांच्यापेक्षा. एकदा त्यांनी मला 'साहेब' म्हटले. मी आजूबाजूला पाहिले.

मग ऊन कलल्यावर आम्ही ताडपत्रीपाशी आलो, आणि सावली गाडीवर नव्हती. नऊ फुटांवरची ताडपत्री, सहा फुटांची गाडी. ऊन खालून तिरपे शिरून इंजिनावर पडले होते आणि सावली दहा पावले पलीकडे मोकळ्या वाळूवर पडली होती.

"चौथ्या खेपेला तुम्हीच सांगितलेली उंची आहे," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी तिने मला नोंदींची वही दाखवली. दर तीन तासांनी तापमान, वारा, दाब. आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना, जो बहुतेक पानांवर रिकामा होता. मी पाने उलटत होतो. एका तारखेला त्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलेले होते, 'सावली उभारली.' चार दिवसांनी, 'सावली उतरवली.' पुढे पुन्हा उभारली, पुन्हा उतरवली. चारही तारखा माझ्या ओळखीच्या होत्या. मी वही तशीच धरून बसलो. चष्म्याच्या काचेवर ग्रीस लागले होते म्हणून मी ती बराच वेळ पुसली.

"आजचा रकाना रिकामा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."

मी पेन घेतले. माझ्याजवळ शब्दांची कधी वाण नव्हती. आगमन, सान्निध्य, कृतार्थता, हे सगळे रांगेने येऊन उभे राहिले. रकाना दोन बोटांचा होता. मी लिहिले, 'आलो.'

पत्नीने माझ्या खांद्यावरून वाचले.

"आणि 'उशिरा' कोण लिहिणार?" ती म्हणाली.

मी तेही लिहिले.